पिवळ्या पुस्तकाची कहाणी



थंडी पडू लागली की आमच्या सातपूरच्या कामगार वस्त्यांतून एक विषय हमखास निघतो, स्वेटरचा. पहिल्या पाळीला पहाटे निघणाऱ्या माणसाला थंडी लागते आणि सकाळच्या शाळेला जाणाऱ्या पोराला त्याहून जास्त लागते. मग श्रमिकनगर, अशोकनगर, प्रबुद्धनगर, स्वारबाबानगर इथल्या आयाबहिणी रविवारी शहरात जातात. शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटचे नाव नाशकात कोणाला ठाऊक नाही? घासाघीस होते, स्वेटर पिशवीत पडतो, आणि आपण घरी येतो. पण ज्या तिबेटी माणसाकडून आपण स्वेटर घेतला, तो मूळ कुठला, इथे कसा आला, त्याच्या खिशात कोणता कागद आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

या वेळी या सदरात आम्ही त्या कागदाविषयी लिहीत आहोत. कागदाची गोष्ट सांगायची म्हणजे त्याच्यामागच्या प्रवासाचीही सांगावी लागेल. आणि कागदावाचून माणसाचे काय होते, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांसाठी ज्यांच्या वाडवडिलांच्या चपला झिजल्या, त्यांना ही गोष्ट आपलीच वाटेल.

दोन कागद

भारतात राहणाऱ्या तिबेटी निर्वासिताकडे साधारणपणे दोन कागद असतात. पहिला म्हणजे नोंदणीचा दाखला. त्याला सगळे 'आर.सी.' म्हणतात. हा दाखला पोलिसांच्या परदेशी नोंदणी कार्यालयाकडून मिळतो. पूर्वी तो ठराविक मुदतीने, बहुतेकांना दर वर्षी, नवा करून घ्यावा लागे. पुढे दीर्घकाळ इथे राहिलेल्यांसाठी ही मुदत पाच वर्षांची झाली. मुदत संपली आणि नूतनीकरण राहिले, की तो माणूस कायद्याच्या नजरेत बेकायदा ठरू शकतो. मग तो इथेच जन्मलेला असो, इथल्याच शाळेत शिकलेला असो!

दुसरा कागद म्हणजे पिवळ्या रंगाचे एक लहान पुस्तक. सरकारी भाषेत ते 'आयडेंटिटी सर्टिफिकेट', म्हणजे ओळखपत्र. तिबेटी लोक त्याला 'पिवळे पुस्तक'च म्हणतात. परदेशी जायचे असेल तर ते लागते. ते भारत सरकारच देते, पण तो भारताचा पासपोर्ट नव्हे. पासपोर्ट म्हणतो की हा माणूस आमचा नागरिक आहे. पिवळे पुस्तक एवढेच म्हणते की हा माणूस आमच्याकडे राहतो.

या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते विमानतळावर कळते. अनेक देशांच्या अधिकाऱ्यांना हे पुस्तक ओळखीचे नसते. माणसाला बाजूला बसवून ठेवतात, वर फोन करतात, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. परदेशी जाण्यापूर्वी आपल्याकडून बाहेर पडण्याचा परवाना घ्यावा लागतो. आणि या सगळ्याहून महत्त्वाचा असतो एक शिक्का, 'भारतात परत येण्यास हरकत नाही' अशा अर्थाचा. विचार करा, वाचकहो! आपण गावाहून सातपूरला परत यायला कोणाची हरकत विचारतो काय? ज्या घरात आपली आई आहे, बायकापोरे आहेत, त्या घरी परत येऊ देतील, हे ज्याला आधी लिहून घ्यावे लागते, त्या माणसाच्या मनाची अवस्था कशी असेल?

पायी आलेली माणसे

या कागदामागचा प्रवास सुरू होतो १९५० साली. त्या वर्षी ऑक्टोबरात चीनच्या सैन्याने तिबेटच्या पूर्व भागात चढाई केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिबेटी प्रतिनिधींकडून सतरा कलमांच्या करारावर सह्या घेण्यात आल्या. आठ-नऊ वर्षे धुसफूस चालली. १० मार्च १९५९ रोजी ल्हासा शहरात लोक रस्त्यावर उतरले. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा साध्या सैनिकाच्या वेषात आपल्या निवासातून बाहेर पडले. डोंगर-दऱ्या ओलांडत ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत आले आणि तवांगमार्गे १८ एप्रिलला आसामातील तेजपूरला पोहोचले.

दलाई लामांचा प्रवास जगाने पाहिला, वर्तमानपत्रांतून छापून आला. पण त्यांच्यामागून जी साधी माणसे निघाली, मेंढपाळ, शेतकरी, भिक्खू, लेकुरवाळ्या बाया, त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. सुमारे ऐंशी हजार माणसे त्या काळात तिबेट सोडून आली. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे. बर्फात पायांची बोटे सडली. म्हातारी माणसे खिंडीत बसली ती उठलीच नाहीत. रडण्याने पहारेकऱ्याला सुगावा लागू नये म्हणून आया लेकरांचे तोंड दाबून धरत. नेफा, सिक्कीम, भूतान, नेपाळ अशा जिथून वाट मिळेल तिथून ती माणसे उतरली.

उतरली ती कुठे? आसामातील मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची छावणी उभी करण्यात आली होती. बारा-तेरा हजार फूट उंचीवर थंडीत वाढलेली माणसे आसामच्या उन्हाळ्यात, डासांत आणि पावसात येऊन पडली. अंगावर लोकरीचे जाड कपडे, पोटाला न सोसणारे पाणी आणि अन्न. कितीतरी माणसे हिमालय जिंकून आली आणि मिसामारीत तापाने गेली. भिक्खूंपैकी सुमारे दीड हजारांना बंगालमधील बक्सा दुआर येथे ठेवले. इंग्रजांच्या काळात तिथे स्वातंत्र्यसैनिकांना डांबून ठेवीत. त्या दमट जागेत क्षयरोगाने अनेक भिक्खू गेले. तरीही त्यांनी तिथे ग्रंथांचे पठण सोडले नाही.

भारत सरकारने आसरा दिला, धान्य-औषधे दिली. आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली मदत समिती काम करू लागली. हे ऋण तिबेटी लोक आजही बोलून दाखवतात. पण छावणीत किती दिवस बसून खाणार? मग हजारो तिबेटींना डोंगराळ भागात रस्त्याच्या कामावर पाठवण्यात आले. कुलू, चंबा, सिक्कीम या भागांतले कितीतरी रस्ते या निर्वासितांच्या हातांनी झाले आहेत. काल ज्याच्या दारात याकांचा कळप होता, तो आज सुरुंग लावलेल्या कड्याखाली रोजंदारीवर खडी फोडत होता. बाई पाठीला मूल बांधून दगड वाहत होती. दरड कोसळून माणसे दबत होती. मुलांचे हाल बघवेनात, तेव्हा १७ मे १९६० रोजी अशाच रस्त्यावरच्या छावणीतील ५१ मुले धरमशाला येथे आणून त्यांच्यासाठी बालगृह सुरू झाले. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोलमा यांनी ते काम अंगावर घेतले. पुढे त्यातूनच तिबेटी मुलांच्या शाळांचे मोठे जाळे उभे राहिले.

रस्त्याच्या कामावर बाईने मूल झाडाखाली झोपवून घमेले उचलायचे, हे चित्र आमच्या मायमाउल्यांना नवे नाही. म्हणून म्हणतो की ही कहाणी परकी नाही.

महाराष्ट्रातले तिबेटी गाव

रस्त्याचे काम कायमचे नसते. म्हणून राज्याराज्यांतून पडीक आणि जंगलाच्या जमिनी देऊन तिबेटी वसाहती वसवण्यात आल्या. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, आताच्या छत्तीसगडात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी. आपल्या महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांना माहीत नसेल. तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ १९७२ साली ती वसली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. आसपासचे लोक तिला नुसतेच 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. इटियाडोह धरणाचा तो परिसर, धानाचा मुलूख. बर्फातून आलेली माणसे विदर्भाच्या उन्हात गुडघाभर चिखलात उभी राहून धान लावायला शिकली.

१९७२ हे साल वाचताच आमच्यापैकी अनेकांच्या मनात दुसरेच काही आले असेल. तो दुष्काळ! त्या वर्षी मराठवाड्यातून, खानदेशातून, नगरकडून माणसे खडी फोडत, सुकडी खात जगली आणि पुढे पोटामागे शहरांकडे निघाली. सातपूरच्या एमआयडीसीत ज्यांनी हातात हातोडा घेतला, त्यांतल्या कितीतरी कुटुंबांचा प्रवास त्या दुष्काळापासून सुरू होतो. म्हणजे ज्या साली आमची माणसे गाव सोडून निघाली, त्याच साली महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला तिबेटची माणसे गाव वसवत होती. फरक एवढाच की आमची माणसे आखाजीला, पोळ्याला का होईना, गावी जाऊन येऊ शकत होती.

एकट्या धानावर संसार चालत नाही. म्हणून हिवाळा आला की वसाहतीतली घरेच्या घरे स्वेटर विकायला शहरोशहरी पसरतात. हा माल बहुतेक लुधियानाच्या कारखान्यांतला असतो. हंगामाच्या आधी तो उधारीवर उचलायचा, दोन-तीन महिने दुसऱ्या गावात भाड्याच्या खोलीत राहून विकायचा, आणि हंगाम संपला की लुधियानाच्या व्यापाऱ्याचा हिशेब चुकता करायचा. थंडी पडलीच नाही, तर वर्षाचे गणित कोसळते. पुढच्या वेळी स्वेटर घेताना त्यांना आपुलकीने विचारून पाहा, 'ताई, तुमचं गाव कोणतं?' उत्तर ल्हासा येणार नाही. ते गोठणगाव येईल, मैनपाट येईल, मुंडगोड येईल. ती आता त्यांची गावे आहेत. पण कागदावर मात्र ती माणसे परदेशी आहेत.

एका तारखेने पडलेली भिंत

आता कायद्याकडे वळू. नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा. त्यातील दुरुस्तीप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी जो भारतात जन्मला, तो जन्मानेच भारताचा नागरिक. आईबाप कोणत्याही देशाचे असोत. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यासाठी मात्र आईबापांपैकी कोणीतरी एक भारतीय नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून अटी आणखी कडक झाल्या.

समजा, १९५९ साली तिबेटातून आलेल्या जोडप्याला वसाहतीत दोन लेकरे झाली. थोरली १९८५ ची, धाकटा १९८९ चा. एकच घर, एकच चूल, एकच शाळा. पण कायद्याने बहीण भारतीय आणि भाऊ परदेशी! आणि गंमत अशी की, वर्षानुवर्षे त्या बहिणीलाही परदेशीच समजले गेले. कारण तिच्याही हातात आर.सी. दिलेली होती, आणि ज्याच्या हातात आर.सी. तो परदेशी, असा कचेऱ्यांचा उलटा हिशेब होता.

हा हिशेब एका तरुणीने मोडला. तिचे नाव नामग्याल डोलकर. तिचा जन्म १९८६ सालचा, हिमाचल प्रदेशातील कांगड्याचा. २००८ मध्ये तिने भारतीय पासपोर्टसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. तू तर पिवळे पुस्तक घेतलेस, स्वतःला तिबेटी म्हणवलेस, मग पासपोर्ट कसला, असा सरकारचा पवित्रा होता. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २२ डिसेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला, तो असा की कायद्याच्या तारखांत बसून भारतात जन्मलेली ही मुलगी जन्मानेच भारतीय आहे. ओळखपत्राच्या अर्जात तिने स्वतःला तिबेटी म्हटले म्हणून तिचे नागरिकत्व जात नाही. म्हणजे नागरिकत्व ही सरकारने केलेली मेहेरबानी नव्हती, तो जन्मतः मिळालेला हक्क होता. तो मागावा मात्र लागला! पुढे हीच मुलगी तिबेटी लोकांच्या निर्वासित संसदेवर निवडून गेली.

२०१४ साली निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावे मतदारयादीत घेण्याच्या सूचना दिल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात पुन्हा तोच निर्वाळा दिला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये परराष्ट्र खात्याने पासपोर्ट कचेऱ्यांना तशा सूचना धाडल्या. वाटले, प्रश्न सुटला. पण त्याच वर्षी जूनमध्ये अटी पुढे आल्या. आर.सी. आणि पिवळे पुस्तक जमा करून रद्द करून घ्या, तिबेटी वसाहतीत राहू नका आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, तरच पासपोर्ट!

म्हणजे काय, हे नीट ध्यानात घ्या. म्हाताऱ्या आईबापांचे घर वसाहतीत. शेती वसाहतीत. विहार वसाहतीत. भारतीय म्हणून ताठ उभे राहायचे असेल तर हे सगळे सोडून बाहेर पडायचे. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असा हा प्रकार.

शिवाय तिबेटी समाजात याबद्दल आपापसांतही दोन मते आहेत. काही वडीलधारे म्हणतात, नागरिकत्व घेतले की तिबेटचा लढा संपला. आपण निर्वासित आहोत, हीच आपली साक्ष. तरुण म्हणतात, साक्ष मनात ठेवू, पण पोराबाळांचे काय? सरकारी नोकरीचे दार बंद, स्वतःच्या नावावर जमीन घेणे अवघड, बँकेत कर्ज मागायला गेले की पहिला प्रश्न कागदाचा. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. आमचे मत विचाराल, तर हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. सरकारने त्यासाठी कोणाला घराबाहेर काढू नये.

पुन्हा एकदा देश सोडणे

इकडे दार उघडत नाही म्हणून पुष्कळ तरुणांनी दुसरी दारे ठोठावली. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडने काही तिबेटींना आसरा दिला होता. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात भारत-नेपाळातील एक हजार तिबेटींसाठी जागा ठेवल्या. त्यासाठी नावांच्या चिठ्ठ्या टाकून निवड झाली. ज्यांची नावे निघाली ती माणसे १९९२ पासून तिकडे जाऊ लागली. बापाचे नाव निघाले की बाप एकटा पुढे जायचा, आणि बायकामुलांना बोलावून घेईपर्यंत वर्षे उलटायची. तिबेटी समाजाच्या २००९ च्या गणनेत भारतात सुमारे चौऱ्याण्णव हजार तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या घटत गेली आहे. वसाहतींच्या शाळांतून पटसंख्या कमी झाली आणि घरांत म्हातारी माणसे उरली.

तिबेटमधून नव्याने येणारेही जवळजवळ थांबले. पूर्वी नेपाळच्या सीमेवरील नांगपा-ला या अठरा हजार फुटांहून उंच खिंडीतून दर वर्षी दोन-तीन हजार माणसे येत. ३० सप्टेंबर २००६ रोजी त्या बर्फात चालणाऱ्या रांगेवर चिनी सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि अवघ्या सतरा वर्षांची एक भिक्खुणी तिथेच पडली. शेजारच्या डोंगरावर चढाईला आलेल्या परदेशी गिर्यारोहकांनी ते पाहिले, त्याचे चित्रण केले, म्हणून जगाला कळले. २००८ नंतर पहारा इतका वाढला की ही वाट जवळपास बंदच झाली.

असाच एक दुसरा बौद्ध देश आठवतो, व्हिएतनाम. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि युद्ध संपले, पण माणसांचे हाल संपले नाहीत. लाखो माणसे मासेमारीच्या होड्यांत बसून समुद्रात निघाली. वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसे अशी समुद्रमार्गे शेजारच्या देशांच्या किनाऱ्याला लागली. वाटेत बुडाली किंवा चाच्यांच्या हाती सापडली, ती वेगळीच. हे थांबावे म्हणून ३० मे १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीने व्हिएतनाम सरकारशी करार केला, की ज्यांना जायचे आहे त्यांनी रीतसर कागद करून विमानाने जावे. पण कागद दोन लागत. व्हिएतनामने बाहेर सोडण्याचा, आणि दुसऱ्या देशाने आत घेण्याचा. दोन सरकारांच्या दोन याद्या. ज्याचे नाव दोन्ही याद्यांत असेल तोच विमानात बसणार. सुरुवातीला दोन याद्यांतली नावे जुळतच नसत! माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत बसत. तरीही त्या रस्त्याने पुढे सहा लाखांहून अधिक माणसे सुखरूप गेली. त्या एका कागदाने किती जीव समुद्रात बुडण्यापासून वाचले असतील!

निर्वासिताला कागद देण्याची ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९२२ साली नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी पुढाकार घेऊन देश नसलेल्या माणसांसाठी प्रवासाचा दाखला सुरू केला. 'नान्सेन पासपोर्ट' या नावाने तो ओळखला जातो. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्वासितांच्या हक्कांसाठी १९५१ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय करारही झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. परदेशी माणसांसाठीच्या जुन्या कायद्यांनीच कारभार चालत आला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी नवा एकत्रित कायदा आला आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचे नाव आहे. पण ते पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्यांपुरते. तिबेट त्यात नाही.

बाबासाहेबांनी काय पाहिले होते

नागरिकत्वाचे कलम लिहिणे किती अवघड असते, हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत हे कलम मांडताना त्यांनी सांगितले होते की, मसुदा समितीला एखाददुसरे कलम सोडले तर इतका ताप दुसऱ्या कुठल्याच कलमाने दिला नाही. फाळणीने लाखो माणसे इकडून तिकडे झाली होती. कोण आपला आणि कोण परका, हे ठरवायचे होते.

पण त्याच राज्यघटनेत एक मोठी गोष्ट आहे, ती आपण मुलांना जरूर दाखवावी. काही हक्क 'नागरिकांना' दिले आहेत. परंतु कायद्यापुढे समानता देणारे कलम १४ आणि जीविताचे रक्षण करणारे कलम २१ यांत 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. ज्याच्याजवळ कागद नाही तोही माणूस आहे, हे आपल्या घटनेने मान्य केले आहे. याचा प्रत्यय १९९६ मध्ये आला. कर्णफुली नदीवरील कप्ताई धरणात घरेदारे बुडालेले चकमा लोक, तेही बहुसंख्य बौद्धच, १९६४ च्या सुमारास भारतात आले होते. अरुणाचलात त्यांना हुसकावण्याच्या धमक्या मिळू लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ वर बोट ठेवून राज्य सरकारला त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश दिला.

तिबेटच्या प्रश्नावरही बाबासाहेब गप्प बसले नव्हते. एप्रिल १९५४ मध्ये भारत-चीन करार होऊन पंचशीलाचा गाजावाजा झाला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी त्यावर कठोर टीका केली. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे, आणि माओंची त्यावर खरीच श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळे वागवले असते, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर पाच वर्षांनी तिबेटी माणसे बर्फातून पायी आली. तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

त्रिरश्मीवरचा दाखला

परक्या माणसाला कसे वागवावे, याचा एक जुना दाखला आमच्या नाशकातच दगडावर कोरलेला आहे. पाथर्डी फाट्याजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर आपण पोराबाळांसह जातो. तिथल्या सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने ते लेणे खोदवले. तो स्वतःची ओळख कशी देतो? नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धम्मदेव, राहणार उत्तरेकडील दत्तामित्री, आणि जमात यवन. म्हणजे परदेशी वंशाचा! त्याने आपल्या आईबापांच्या पुण्यार्थ, मुलगा धम्मरक्षित याच्यासह ते लेणे भिक्खुसंघाला दिले, असे तो लेख सांगतो.

वाचकहो, नीट पाहा. नाव, बापाचे नाव, गाव, जमात. हे तर आजच्या अर्जातले रकाने झाले! पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कागदाला, म्हणजे त्या दगडाला, मुदत नाही, नूतनीकरण नाही. संघाने त्याला 'तू कुठला?' असे विचारून दारातून परत धाडले नाही. त्याचे दान घेतले आणि त्याचे नाव भिंतीवर राहू दिले. तो यवन होता, हे त्याने लपवले नाही आणि त्याला लपवावे लागले नाही.

घरात काय करावे

हे सदर घरासाठी आहे, म्हणून शेवटी चार घरच्या गोष्टी.

पहिली गोष्ट मुलांची. तिबेटी, नेपाळी किंवा ईशान्येकडच्या माणसाला पाहून आपली पोरे कधी कधी 'चिनी' म्हणून ओरडतात, डोळ्यांवरून खिदळतात. तिथल्या तिथे कान धरून समजावा. चीनच्या सैन्यामुळे ज्याचे घर गेले त्यालाच चिनी म्हणणे, यासारखा क्रूर विनोद दुसरा नाही. चेहऱ्यावरून, आडनावावरून, वस्तीवरून ओळखून हिणवणे काय असते, हे आपल्या दोन पिढ्यांना विचारा.

दुसरी गोष्ट भावाची. घासाघीस करा, ती बाजाराची रीत आहे. पण उधारीच्या मालावर हंगाम काढणारा माणूस समोर आहे, एवढे ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या कागदांची. तिबेटी माणसाला १ जुलै १९८७ ही तारीख आडवी येते, तशी आपल्याला जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. धर्मांतरानंतर १९५६ पासून आपल्या माणसांच्या सवलती अडल्या, त्या केंद्रात मिळायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणून आजोबांचा शाळेचा उतारा, गावचा सातबारा, जन्माची नोंद, जे काही जुने असेल ते शोधा. गावाकडच्या पेटीत कसर लागू देऊ नका. झेरॉक्स काढा, आणि कोणता कागद कशासाठी लागतो हे घरातल्या मुलीलाही सांगून ठेवा. बाळ जन्मले की एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. नाव बरोबर लिहिले आहे का, ते तिथेच वाचून पाहा.

चौथी गोष्ट शेजाऱ्यांची. आपल्या वस्तीत बिहारचा, उत्तर प्रदेशचा, नेपाळचा, कुठलाही माणूस राहत असेल आणि अर्ज भरता येत नसेल, तर आपल्यातल्या शिकलेल्या पोराने अर्धा तास बसून त्याचा अर्ज भरून द्यावा. कधीकाळी आमच्या वडिलांचेही अर्ज कोणीतरी असेच भरून दिले होते, म्हणून आज ही वस्ती उभी आहे.